फ्लॉजिस्टॉनवाले इतके बावळट होते का?

खलबत्ता (धागाकर्ता):

शाळेच्या पुस्तकात आधुनिक रसायनशास्त्राचा जन्म चार ओळींत उरकलेला असतो. इंग्लंडच्या प्रीस्टलीने ऑक्सिजन शोधला, फ्रान्सच्या लाव्हाझिएने फ्लॉजिस्टॉनची (जळणाऱ्या वस्तूत असतो असं मानलेल्या पदार्थाची) भाकडकथा मोडीत काढली, चला पुढचा धडा. परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी एका भोंदू उपचाराला "हे म्हणजे निव्वळ फ्लॉजिस्टॉन" असं म्हणून गेलं आणि राहवलं नाही. त्या बिचाऱ्या फ्लॉजिस्टॉनची बाजू घ्यायला कुणी नसतं, म्हणून हा धागा.

गेऑर्ग श्टाल (१६५९-१७३४) हा जर्मन डॉक्टर. त्याचं म्हणणं असं: जळू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टॉन असतं आणि जळताना ते सुटून हवेत जातं. लाकूड जळून मूठभर राख उरते, म्हणजे काहीतरी गेलंच की. झाकलेल्या भांड्यात मेणबत्ती विझते, कारण तिथली हवा फ्लॉजिस्टॉनने भरून जाते आणि आणखी घेत नाही. धातू तापवला की भस्म होतं, म्हणजे त्यातलं फ्लॉजिस्टॉन गेलं. आता तेच भस्म कोळशाबरोबर भट्टीत घाला. कोळसा जळून जवळजवळ काहीच उरत नाही, अर्थात तो फ्लॉजिस्टॉनने ठासून भरलेला. तो आपलं फ्लॉजिस्टॉन भस्माला देतो आणि धातू परत मिळतो. खनिजातून धातू का निघतो हे इतकं सुटसुटीत त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

यातली खरी अक्कल कुठे आहे बघा. लाकूड जळणं आणि लोखंड गंजणं, वरवर पाहता काय संबंध? श्टालने या दोन गोष्टी एका माळेत ओवल्या आणि ती माळ आजही तुटलेली नाही. पुढे श्वासही त्यातच आला. १७७१ मध्ये प्रीस्टलीने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. झाडं हवेतलं फ्लॉजिस्टॉन शोषतात, असा त्याचा निष्कर्ष. "फ्लॉजिस्टॉन गेलं" च्या जागी "ऑक्सिजन आला" आणि "फ्लॉजिस्टॉन आलं" च्या जागी "ऑक्सिजन गेला" असं वाचत जा, त्या काळचे निम्म्याहून अधिक निबंध आजही चालतील. बाण फक्त उलटा होता.

मग घोडं अडलं कुठे? वजनात. भस्म मूळ धातूपेक्षा जड भरतं. ही गोष्ट नवी नव्हती, झाँ रे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १६३० मध्येच कथलाबद्दल ती लिहून ठेवली होती. पण तेव्हाच्या रसायनात वजनाला आज आहे तो मान नव्हता. पदार्थ ओळखायचा तो रंगाने, वासाने, चवीने, आणि हवा ही जमाखर्चात धरायची वस्तूच नव्हती. १७५० च्या दशकात एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने चुनखडी आणि मॅग्नेशियाच्या भुकटीतून किती "हवा" सुटते हे तराजूवर दाखवलं, तिथून वारं फिरलं.

लाव्हाझिए इथे येतो. त्याचा पाऱ्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, मला त्याआधीचा जास्त आवडतो. पाणी खूप उकळलं की तळाशी माती दिसते, म्हणून पाण्याची माती होते असं भलेभले मानत. लाव्हाझिएने १७६८ मध्ये 'पेलिकन' नावाच्या काचपात्रात पाणी भरलं. या पात्राला दोन बाजूंनी नळ्या असतात, वाफ वर जाऊन थंड होते आणि पुन्हा तळाशी येते, बाहेर काही जात नाही. आधी पात्राचं वजन, पाण्याचं वजन, सगळ्याचं मिळून वजन. मग १०१ दिवस मंद आच. शेवटी एकूण वजन होतं तेवढंच. पाण्यात माती दिसत होती, आणि रिकाम्या पात्राचं वजन जवळजवळ तेवढंच घटलं होतं. माती काचेतून आली होती. विषय संपला. यात नवा पदार्थ नाही की भडका नाही, पण पुढची पंचवीस वर्षं तो माणूस कसा काम करणार आहे ते सगळं यात दिसतं.

आता प्रीस्टली. १ ऑगस्ट १७७४, इंग्लंडमधलं बोवुड हाऊस. बारा इंच व्यासाच्या भिंगाने त्याने पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन एकवटलं. जी हवा निघाली तिच्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळायला लागली. त्याने स्वतःच लिहिलंय की समोर पेटती मेणबत्ती नसती तर कदाचित ही परीक्षा घेतलीच नसती. पुढच्या मार्चमध्ये त्या हवेत उंदीर ठेवला. साध्या हवेत पाव तास जगला असता, इथे अर्धा तास टिकला आणि बाहेर काढून ऊब दिल्यावर शुद्धीवर आला. मग प्रीस्टलीने स्वतः ती हवा ओढून पाहिली. या हवेला त्याने नाव दिलं "फ्लॉजिस्टॉनरहित हवा". रिकामी हवा, म्हणून फ्लॉजिस्टॉन हावरेपणाने घेते, म्हणून ज्योत तेज. तर्कात खोट दाखवा!

मधल्या काळात, ऑक्टोबर १७७४ मध्ये, पॅरिसला एका जेवणात त्याने हे लाव्हाझिएला सांगून टाकलं होतं. पुढचं महाभारत तिथून.

चर्चा करूया. माझा मुद्दा एवढाच की १७७५ साली फ्लॉजिस्टॉन मानणारा माणूस पुराव्याकडे डोळेझाक करत नव्हता.

---

अबोली:

मस्त लिहिलंय. पण शेलेला का वगळलंत? स्वीडनचा कार्ल शेले, औषधाच्या दुकानात काम करायचा, त्याने प्रीस्टलीच्या आधी दोनेक वर्षं हाच वायू बनवला होता. त्याला तो "अग्निवायू" म्हणायचा. पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं आणि मान गेला.

---

खलबत्ता:

अबोलीताई, बरोबर. आणखी एक भर: ३० सप्टेंबर १७७४ ला शेलेने लाव्हाझिएला पत्र लिहून हा वायू कसा करायचा ते कळवलं होतं. तुमच्याकडे मोठं भिंग आहे, तुम्ही करून बघा, असं. उत्तर आल्याची नोंद नाही. म्हणजे त्या एका शरद ऋतूत लाव्हाझिएला दोन दिशांनी तीच बातमी मिळाली आणि एप्रिल १७७५ च्या निबंधात दोघांचंही नाव नाही. प्रीस्टलीने नंतर तक्रार केली ती उगाच नव्हे.

---

चहाबाज:

म्हणजे थोडक्यात लाव्हाझिएने ढापलं. आमच्या ऑफिसातही हेच चालतं.

---

मोजपट्टी:

@चहाबाज, श्रेय न देणं हा दोष आहेच. पण ढापलं काय? वायू? वायू हातात घेऊन तिघंही उभे होते, प्रश्न होता तो हिशेबात कुठे बसवायचा. आणि एप्रिल १७७५ मध्ये लाव्हाझिएलाही ते कळलं नव्हतं. भस्मात जाते ती "हवाच, फक्त शुद्ध" असं तो तेव्हा म्हणत होता. हवेत किमान दोन वेगळे घटक आहेत आणि त्यातला एकच जळण्यात भाग घेतो, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत पक्कं झालं.

धाग्यात पाऱ्याचा प्रयोग गाळलात तो मी टाकतो, कारण फ्लॉजिस्टॉनचं मरण त्यात आहे.

४ औंस पारा, वाकड्या मानेचं काचपात्र, मानेचं टोक पाऱ्याच्या कुंडात उपड्या ठेवलेल्या हंडीत उघडतं. आत बंदिस्त हवा ५० घन इंच. कोळशाच्या शेगडीवर पारा उकळीच्या जेमतेम खाली १२ दिवस ठेवायचा. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर बारीक लाल कण तरंगायला लागले, चार-पाच दिवस वाढले, मग वाढ थांबली. बाराव्या दिवशी आच बंद. हवा उरली ४२-४३ घन इंच, तिच्यात मेणबत्ती विझते आणि प्राणी गुदमरतात. लाल भस्म गोळा केलं ते ४५ ग्रेन (वजनाचं जुनं, बारीक माप). ते आणखी कडक तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७-८ घन इंच वायू. गेला तेवढा आला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला की झाली पुन्हा साधी हवा.

आता यातली मेख. शिसं, कथील, लोखंड अशा नेहमीच्या धातूंच्या भस्मापासून धातू मिळवायचा तर कोळसा लागतो, आणि कोळसा आला की "त्याने फ्लॉजिस्टॉन दिलं" म्हणायला जागा राहते. पाऱ्याच्या भस्माला कोळसा लागतच नाही, नुसत्या उष्णतेने पारा परत येतो. मग इथे फ्लॉजिस्टॉन आलं कुठून? हा एक धातू निसर्गात असा विचित्र नसता तर वाद अजून दहा-वीस वर्षं लांबला असता असं माझं मत.

---

कुरुंदवाडकर:

आमच्या रसशास्त्रात पाऱ्यावर शेकडो वर्षं काम झालंय. पारदभस्म, रससिंदूर. पाश्चात्त्यांनी तिथूनच उचललं असणार. यावर कुणी बोलत नाही.

---

मोजपट्टी:

बोलतात की. प्रफुल्लचंद्र रायांनी हिंदू रसायनाचा इतिहास १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत लिहिला, ते स्वतः पाऱ्याच्या संयुगांवर काम करणारे अव्वल केमिस्ट. राजस्थानात जावरला जस्ताचं ऊर्ध्वपातन युरोपच्या कितीतरी आधी चालायचं, उडून जाणारा धातू बंद मुशीतून खाली उतरवून घ्यायचे. कारागिरीत आपण कुणापेक्षा कमी नव्हतो. पण रससिंदूर हा पारा आणि गंधक यांचा पदार्थ, लाव्हाझिएचा लाल पदार्थ पारा आणि ऑक्सिजनचा. रंग सोडला तर संबंध नाही. आणि पॅरिसमध्ये "उचललं" म्हणायचं तर बंद पात्रातली हवा आधी-नंतर मोजलेली नोंद दाखवावी लागेल.

---

निवृत्त_मास्तर:

उत्तम धागा. ३ तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये आयुष्य गेलेला माणूस म्हणून एक तक्रार नोंदवतो. हवेत एकपंचमांश ऑक्सिजन आहे हे दाखवायला शाळाशाळांतून ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा हा प्रयोग करतात. पाणी वर चढतं, मुलं टाळ्या वाजवतात, मास्तर म्हणतात बघा ऑक्सिजन संपला. हे साफ चूक आहे. ज्योतीने तापून फुगलेली हवा ग्लास ठेवताना बुडबुड्यांनी बाहेर जाते, मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते, म्हणून पाणी मुख्यतः चढतं. मेणबत्ती तर बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते. नीट बघा, पाणी हळूहळू न चढता ज्योत विझल्यावर एकदम चढतं. दोन मेणबत्त्या लावल्या तर आणखी वर चढतं. ऑक्सिजन काय दुप्पट झाला?

त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाचं स्टील वूल मिळतं ते घ्यावं. भांड्यांची चकचकीत घासणी चालत नाही, ती गंजत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून तेलकटपणा काढायचा, झटकून परीक्षानळीच्या तळाशी कोंबायचं, नळी पाण्यात उपडी उभी करायची आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. वूल तांबूस होतं आणि पाणी नळीच्या साधारण एकपंचमांश उंचीला येऊन थांबतं. पट्टीने मोजून घ्यायचं. श्टालचं गंजणं आणि लाव्हाझिएचा हिशेब एकाच नळीत, आणि ना आग ना पारा. (मुलांच्या हातात पारा कृपया देऊ नका. आमच्या वेळी टेबलावर गोळ्या खेळवायचो, तो काळ गेला.)

---

अबोली:

मास्तर, हे स्टील वूलचं उद्या करतेच. नववीतल्या भाचीला ग्लासवालाच प्रयोग दिलाय.

---

तिरकस_रेघ:

खलबत्ताशेठ, एक शंका. वजनाचा पुरावा एवढा पक्का होता तर प्रीस्टली मरेपर्यंत फ्लॉजिस्टॉनला का चिकटला? १८०० साली, अमेरिकेत जाऊन, त्याने फ्लॉजिस्टॉन सिद्ध झालंय म्हणून पुस्तकच काढलं. मग तो "पुराव्याला मान देणारा" कसा?

---

खलबत्ता:

चांगला प्रश्न. १८०० मधल्या प्रीस्टलीची बाजू मी घेत नाही. पण १७८३ मधल्या प्रीस्टलीचा एक प्रयोग सांगतो.

लोखंडावर आम्ल टाकलं की ज्वालाग्राही वायू निघतो (आपला हायड्रोजन). फ्लॉजिस्टॉनवाल्यांचं म्हणणं, तो धातूतूनच येतो, तोच बहुधा शुद्ध फ्लॉजिस्टॉन. लाव्हाझिएकडे यावर उत्तर नव्हतं! धातू जर मूलद्रव्य असेल तर हा वायू कुठून आला? मग प्रीस्टली काय करतो: पाण्यावर उपड्या ठेवलेल्या भांड्यात तो ज्वालाग्राही वायू भरतो, आत शेंदूर, म्हणजे शिशाचं लाल भस्म, ठेवतो आणि बाहेरून भिंगाने तापवतो. शेंदराचं चकाकतं शिसं होतं आणि भांड्यातलं पाणी वर वर चढत जातं, वायू गडप. भस्म अधिक फ्लॉजिस्टॉन बरोबर धातू, डोळ्यांसमोर. याहून चांगला पुरावा काय मागणार?

गोम अशी की यात पाणी तयार झालं होतं. हायड्रोजनने भस्मातला ऑक्सिजन घेतला. पण भांडं पाण्यावरच उभं, त्यात चार थेंबांची भर पडली तर दिसणार कशी?

ती गाठ सुटली पाण्यामुळेच. इंग्लंडच्याच हेन्री कॅव्हेंडिशने ज्वालाग्राही वायू जाळून शुद्ध पाणी मिळवलं. त्याचा सहायक ब्लॅग्डेन पॅरिसला गेला तेव्हा बोलून गेला, आणि २४ जून १७८३ ला लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी तोच प्रयोग केला (इथेही श्रेयावरून रणकंदन झालं, तो माणूस सुधारला नाही). कॅव्हेंडिशने त्याचाही अर्थ फ्लॉजिस्टॉनमध्ये लावला. लाव्हाझिए म्हणाला पाणी हे मूलद्रव्यच नाही, संयुग आहे. मग त्याने लालभडक तापलेल्या बंदुकीच्या नळीतून पाण्याची वाफ सोडून लोखंडाचं भस्म आणि हायड्रोजन वेगळे करून दाखवले. आम्लातल्या लोखंडाचं कोडं सुटलं, वायू धातूतून येत नव्हता, पाण्यातून येत होता.

प्रीस्टलीची त्यावरची तक्रार मात्र आजच्या संशोधकालाही पटेल: उपकरणं इतकी महाग आणि किचकट आहेत की फार थोड्यांनाच प्रयोग पुन्हा करून बघता येईल, मग एवढा मोठा निष्कर्ष कशाच्या जोरावर?

---

मोजपट्टी:

+१. तो पैसा कुठून आला हेही सांगा की. लाव्हाझिए १७६८ पासून फेर्म जेनेरालमध्ये भागीदार होता, म्हणजे राजासाठी कर गोळा करणारी खाजगी मंडळी. मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये शिरणाऱ्या मालावरची जकात. त्या कमाईतून तराजू बनवणाऱ्या अव्वल कारागिरांना काम दिलं. आणि तेच शेवटी अंगाशी आलं: ८ मे १७९४ ला गिलोटिनवर गेला तो शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, कर गोळा करणाऱ्यांपैकी एक म्हणून. त्याच दिवशी त्याच्या सासऱ्यालाही मारलं. "प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही" हे न्यायाधीशाच्या तोंडचं वाक्य सगळीकडे फिरतं, त्याला त्या काळचा आधार नाही, कृपया इथे कुणी चिकटवू नका.

---

सोनचाफा:

एवढ्या चर्चेत लाव्हाझिएच्या बायकोचं, मारी-आनचं नाव नाही? लग्न झालं तेव्हा १३ वर्षांची, इंग्रजी शिकली कारण नवऱ्याला येत नव्हतं. आयरिश केमिस्ट कर्वनने फ्लॉजिस्टॉनच्या बाजूने पुस्तक लिहिलं, तिने ते फ्रेंचमध्ये आणलं आणि प्रत्येक प्रकरणाला पॅरिसच्या मंडळींचं खंडन जोडून १७८८ मध्ये छापलं. प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक आपणच छापायचं, आणि त्यातच त्याला उत्तर द्यायचं! १७९१ मध्ये कर्वनने हात टेकले. लाव्हाझिएच्या १७८९ च्या पाठ्यपुस्तकातल्या उपकरणांच्या १३ चित्रपट्ट्या तिच्याच. त्यामुळे वरचा पाऱ्याचा प्रयोग आपल्याला वाकड्या मानेसकट माहीत आहे.

---

चहाबाज:

आणि नवरा गेल्यावर तिने रम्फर्डशी लग्न केलं ना? तोफा कोरताना उष्णता संपतच नाही हे दाखवणारा तोच?

---

खलबत्ता:

तोच. १७८९ च्या पुस्तकात लाव्हाझिएने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, त्यात प्रकाश आहे आणि "कॅलॉरिक" म्हणजे उष्णता हाही पदार्थ आहे. वजन नसलेला, जळताना बाहेर पडणारा. फ्लॉजिस्टॉन पुढच्या दाराने घालवलं आणि मागच्या दाराने असं परत घेतलं. रम्फर्डने १७९८ मध्ये त्याला सुरुंग लावला. शिवाय सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतो असं लाव्हाझिए म्हणायचा, ते १८१० मध्ये डेव्ही या इंग्रज केमिस्टने मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लावरून खोटं ठरवलं. जिंकलेल्या बाजूचाही हिशेब मांडावा.

---

तिरकस_रेघ:

पटलं बऱ्यापैकी. मग कॅव्हेंडिशला काय म्हणायचं? तो तर दोन्हीकडचं मोजून मोकळा.

---

मोजपट्टी:

कॅव्हेंडिश हा माझा माणूस. १७८५ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या, बनेल ते क्षाराच्या पाण्यात शोषून घेतलं, पुन्हा ठिणग्या, असं करत राहिला. शेवटी एक बारीक बुडबुडा उरला, काही केल्या जाईना. दुसरा कुणी उपकरणाला दोष देऊन पुढे गेला असता. याने लिहून ठेवलं: नायट्रोजनमध्ये वेगळं काही असलंच तर ते १/१२० पेक्षा जास्त नाही. बस, अर्थ लावला नाही.

शंभरेक वर्षांनी रॅली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाला दिसलं की हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून केलेल्यापेक्षा दोनशेत एक भाग जड भरतो. त्याने आणि रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ चं ते टिपण पुन्हा उघडलं आणि १८९४ मध्ये आर्गॉन हा हवेतला नवा वायू जाहीर झाला. आजच्या आकड्यांनी नायट्रोजनच्या तुलनेत आर्गॉन साधारण १/८४ येतो. ठिणग्या आणि काचेच्या नळीवर १/१२०, फ्लॉजिस्टॉन मानणाऱ्या माणसाने.

(अवांतर: हाच रॅमसे १९०० साली जमशेटजी टाटांच्या नियोजित संस्थेसाठी जागा बघायला भारतात आला होता आणि त्याने बंगलोर सुचवलं.)